कडू म्हणून आपलं

मुरिपा, १४ ऑगस्ट १९९४

डेल्फिना,

नोएमियाचे पाय आता सरळ होणार नाहीत. आरोग्य केंद्रातल्या बाझिलिओने मंगळवारी तिला तपासून तसं सांगितलं. त्याने तिला बाकावर बसवलं, रबरी हातोडीने गुडघ्याखाली हलकेच ठोकलं, तर मान कापलेली कोंबडी उडावी तशी तिची तंगडी उडाली. दोन्ही पायांची तीच तऱ्हा. ताप नाही, जखम नाही, दुखतही नाही. टाचा टेकत नाहीत. उभी केली तर गुडघे एकमेकांवर घासतात आणि ती तोंडावर पडते. बाझिलिओ म्हणाला, हे यापेक्षा वाढणार नाही आणि यातून कमीही होणार नाही. डोकं शाबूत आहे. जीभ तर आहेच.

तुला कळवणं माझं काम होतं, कळवलं.

मोमादे, हे तूच वाचून दाखवत असशील, कारण माझी बहीण शाळेत गेली नाही आणि तू गेलास. तर जसं लिहिलंय तसं वाच. मध्ये 'अल्लाची मर्जी' वगैरे पदरचं घालू नकोस. ती रडायला लागली तर थांब, रडून होऊ दे, मग पुढचं वाच. दोन्ही एकदम केलंस तर तिला अर्धंच ऐकू जाईल.

बाझिलिओने बरेच प्रश्न विचारले.

"घरात काय खाता, बाई?"

"माणसं खातात ते."

"म्हणजे?"

"कसाव्याच्या पिठाचा घोटलेला कराकाता. पाल्याची भाजी. शेंगदाण्याचा कूट."

"चवळी? मासे?"

"असतात."

"कसावा गोडा लावता की कडू?"

"दोन्ही."

नोएमियाने माझ्याकडे पाहिलं, पण बोलली नाही. परक्यासमोर घरातलं मडकं उघडं करायचं नाही, हे मी तिला वाटेतच बजावलं होतं. तिला पाठीवर घेऊन गेले होते, त्यामुळे कानाशी बोलायला सोपं होतं.

बाझिलिओ म्हणाला, हा आजार कडू कसाव्याचा आहे. नुसता कडू कसावा, सोबत चवळी नाही, मासे नाहीत, आणि दुष्काळात कंद नीट वाळायच्या आत बायका पीठ करतात, अशा घरात तो शिरतो. पोरांना धरतो, अंगावर पाजणाऱ्या बायांना धरतो. यंदा या भागात त्याने अशी आणखी पोरं पाहिली आहेत. "पण तुमच्या घरात तर सगळं असतं म्हणता."

"असतं."

"मग कसं झालं असेल?"

"ते तू शिकून आलायस. मला काय विचारतोस?"

पोर सरपणाला गेली होती, उन्हातून लांब चालून आली, दुसऱ्या दिवशी उठलीच नाही. एवढंच झालं. कोणीतरी वाटेवर काही पुरलं असेल असं गावात बोलतात. बोलू देत.

तू यायची गरज नाही. पावसाआधी परत येते म्हणून पोरीला माझ्या ओट्यावर ठेवून गेलीस. त्यानंतर बरेच पाऊस झाले. झाले नाहीत तेही धरलेस तर आणखीच. तिचा बाप मोमादे नाही हे तुझ्या नवऱ्याला पसंत नव्हतं, तेही मी समजून घेतलं. पोर आपल्या आईच्या घराण्याची, घराणं इथलं, पोर इथे आहे. तिला काही कमी नाही.

मला काही पाठवू नका.

आल्झिरा

*

मुरिपा, २९ ऑगस्ट

डेल्फिना,

तुमचं उत्तर आणि सुक्या माशांचं गाठोडं काल मिठाच्या सायकलवाल्याने आणून दिलं. 'डेल्फिना म्हणते, नशिबात होतं ते झालं. पोरीला तुझी सवय आहे, तिथेच राहू दे.' एवढ्याच दोन ओळी.

मला वाटलं होतं तू शिव्या घालशील. मी शिव्यांची तयारी करून बसले होते. लहानपणी मडकं फुटलं तरी तू माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचीस. त्या पिढ्या तुझ्याही आहेत हे तुला कधी सुचायचं नाही. आणि आता पोरीचे पाय गेले तर 'नशीब'. समुद्राच्या वाऱ्याने माणूस फार शांत होतो वाटतं.

माशांचं सांगते. कुंपणापलीकडची जेर्त्रुदिश वासावरून आली. तिचं नाक तुला माहीत आहे.

"आल्झिरा, मासे आलेत."

"तुझ्याकडे नाही आले."

"मी मागत नाहीये गं. पोरीला दोन भाजून दे म्हणते."

"पोरीचं मी बघते."

"तू बघतेस. आम्ही सगळे पण बघतोय." मग छपरावर वाळत घातलेल्या कंदांकडे हनुवटी उडवून म्हणाली, "तुझा कसावा चोर खात नाही, माकड खात नाही, रानडुक्कर खात नाही. मग तो तुमच्यासाठी आहे असं तुला कोणी सांगितलं?"

मी गाठोडं उचललं, कुंपणावरून तिच्या कुत्र्यापुढे टाकलं. आतापर्यंतची सगळी गाठोडी तिकडेच गेलीत, आता लपवण्यात अर्थ नाही. मोमादेचे मासे माझ्या मडक्यात शिजणार नाहीत हे तू ट्रकवर चढलीस त्याच दिवशी ठरलं. तू पाठवत राहिलीस. कुत्र्याच्या अंगावर बघ, केस कसे चमकतात. इतका देखणा कुत्रा आख्ख्या मुरिपात नाही.

नोएमियाला वास जायचा. विचारायची, "थोरले आई, आईने मासे पाठवले का?" मी म्हणायचे, "जेर्त्रुदिशच्या घरचा वास आहे." ते खोटं नव्हतं.

तू मला नेहमी विचारायचीस, एवढं कडूच कशाला लावतेस. हा प्रश्न तुझ्या तोंडी मला सहन होत नाही, कारण त्या दिवशी तू होतीस. बंदुकीवाले आले तेव्हा त्यांनी गावातल्या प्रत्येक शेतातला गोडा कसावा उपटून उभ्या उभ्या कच्चा खाल्ला. आपल्या शेतात एकाने कंद उपटला, चावला, थुंकला, रागाने दस्ता आईच्या खांद्यात घातला आणि पुढे गेला. त्या वर्षी गाव उपाशी होतं आणि आपल्या चुलीवर रोज मडकं चढत होतं. तू म्हणालीस, कडू लागतं. आई मोडक्या खांद्याने पीठ घोटत म्हणाली, "कडू आहे म्हणून आपलं आहे." तूही खाल्लंस. तुझे पाय ठीक राहिले. तेव्हा ओढ्याला पाणी होतं आणि वाळवायला वेळ होता, एवढाच फरक.

मग गाव आपल्या दारात आलं. आईने ओंजळी भरभरून पीठ दिलं. आपलं संपलं तेव्हा त्यांच्यातलं कोणी आपल्या दारात आलं नाही. आई खांद्यानेच मेली. दुखवट्याला मात्र सगळे आले. जेवले.

लढाई संपल्यावर लोकांनी पुन्हा गोडा लावला. मीही कडेला थोडा लावला होता, तुझ्या पोरीसाठीच. पण आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. वाटसरूला भूक लागली तर त्याने एक कंद उपटावा, तिथेच खावा आणि काडी परत मातीत खोचून जावं. खाणारे रीतीने खात. खोचताना रीत विसरत. एका सकाळी मी सगळा गोडा उपटून जाळला. आता माझ्या शेतात कोणी वाकत नाही. मीठ सोडलं तर मी विकत काही घेत नाही आणि फुकट काही घेत नाही. माझ्या दाराशी कोणी काही मागत नाही, मी कोणाच्या दाराशी जात नाही. पाद्रीबाबांनी विचारलं, "असं का राहतेस?" मी म्हटलं, देवावर विश्वास आहे म्हणून. ते खूश झाले.

तुला खरं कारण सांगते. तू गेल्यावर एक आख्खा कोरडा हंगाम मी ट्रकचा आवाज आला की दाराबाहेर यायचे. पुन्हा तशी बाहेर यायचं नव्हतं मला.

पुन्हा सांगते, मासे पाठवू नकोस. कुत्रा माजलाय.

आल्झिरा

*

मुरिपा, ११ सप्टेंबर

डेल्फिना,

बाझिलिओ घरी आला होता. न बोलावता. काल दुपारी सायकल कुंपणाला टेकवली, मला नमस्कार केला आणि सरळ छपरावरचा एक कंद काढून दोन्ही हातांनी वाकवला.

"हा वाकतोय, बाई. मोडायला हवा. मोडताना आवाज यायला हवा."

"घाई असते."

"कसली?"

"भुकेची. तुला नसेल माहीत, तुला सरकार पगार देतं."

त्याला राग आला नाही. या माणसाला राग येत नाही, हे मला आवडलेलं नाही. त्याने विचारलं, कंद भिजत का नाही घातले? मी म्हटलं, ओढा आटलाय, बघून ये. तो म्हणाला, जेर्त्रुदिशच्या विहिरीला पाणी आहे, मी आताच प्यायलो.

"ती तिची विहीर आहे."

"मागितलं का?"

"मी मागत नाही."

तेवढ्यात ओट्यावरून नोएमिया बोलली. मी तिला गप्प बसायला सांगितलं नव्हतं असं नाही. पण पोरीला आता माझ्या हाताची भीती राहिली नाही. याहून आणखी काय करणार ही, असं तिच्या डोळ्यांत दिसतं.

"आमच्याकडे गोडा नाही," ती म्हणाली. "थोरल्या आईने जाळला. चवळी पण नाही. जेवल्यावर मला गरगरायचं, मी ओकायचे. ती म्हणायची, नाटक करू नकोस."

"आणि मासे?" बाझिलिओने विचारलं. "तुझी आई पाठवते म्हणे."

"ते जेर्त्रुदिश मावशीचा कुत्रा खातो." मग तिने कुंपणाकडे बोट दाखवलं. "बघा ना, त्याचे पाय किती छान आहेत."

बाझिलिओ हसला नाही. मीही नाही. ती हसली.

त्याने सगळं समजावून सांगितलं, मला लहान मूल समजून. कंद सोलून पाण्यात बुडवायचे, मऊ पडेपर्यंत. मग चिरून ऊन द्यायचं, मोडेपर्यंत. जिभेच्या टोकाला लावून बघायचं. हे मला आईने दात पडायच्या वयात शिकवलंय. गेल्या पावसाळ्यापर्यंत मी प्रत्येक घाण्याचा तुकडा जिभेला लावून बघत होते. यंदा लावला नाही. लावला असता तर टाकून द्यावा लागला असता, आणि टाकून दिला असता तर कुठेतरी जाऊन मागावं लागलं असतं.

मी विचारलं, "मग मला का काही झालं नाही? एकाच मडक्यातलं खातो."

"तुमचं वय झालंय. तुम्हाला सहसा धरत नाही."

म्हणजे मी वाळले. मोडताना आवाज येईल एवढी.

आता एक राहिलं. पोरीने बाझिलिओला सांगितलंच आहे, आज ना उद्या तुझ्यापर्यंत येईल, तर माझ्याकडूनच घे. ती सरपणाला गेली नव्हती. पळाली होती. सकाळी सरपणाला म्हणून निघाली ती डांबरी रस्त्याच्या दिशेने, तुझ्याकडे यायला. नामपुलाचा ट्रक किनाऱ्याला जातो एवढं तिला कुठून तरी कळलं होतं. मी मागोमाग गेले. रस्त्याच्या कडेला काजूच्या झाडाखाली बसलेली सापडली. पायांत तेव्हाच कळा येत होत्या, म्हणाली, "पाय जड झालेत." मी म्हटलं, पळताना नव्हते वाटतं जड? आणि तसंच चालवत परत आणली. भर उन्हात. पाठीवर घेता आली असती. घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने हाक मारली. अंथरुणातून उठायला निघाली आणि उठता येईना. दोनदा प्रयत्न केला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "थोरले आई, पाय कुठेत?"

मी दारात उभी होते. डेल्फिना, मला बरं वाटलं. हे मी बाझिलिओला सांगितलं नाही, पाद्रीबाबांना तर नाहीच. आता ही कुठे जात नाही, असं मनात आलं आणि अंगातला ताण उतरल्यासारखं झालं. मग मी तिच्यासाठी पाणी तापवायला गेले.

आता तरी शिव्या दे.

आल्झिरा

*

मुरिपा, २२ सप्टेंबर

मोमादे,

हे पत्र तुला आहे, डेल्फिनाला नाही. आधी एकटा वाच.

तिला काहीच माहीत नाही. आगोस्तिन्यु मामांच्या तोंडून काल पक्कं कळलं. मामा किनाऱ्यावर कोणाच्या तरी मातीला गेले होते, तिथे डेल्फिना त्यांना भेटली, आणि परतताना ते माझ्याकडे थांबले. ओट्यावर बसायच्या आधीच हसत सांगायला लागले, "तुझी बहीण विचारत होती, नोएमिया आता माझा कापुलाना नेसण्याएवढी झाली का. एक जुना धुऊन ठेवलाय म्हणाली तिच्यासाठी." मग त्यांची नजर दारात गेली. नोएमिया हातांवर सरकत बाहेर येत होती, पाय मागे ओढत.

म्हातारा माणूस, ओट्याच्या कोपऱ्यावर हात ठेवून उभाच राहिला.

"हे डेल्फिनाला कळवलं नाहीस?"

"कळवलं."

"मग ती कापुलाना कुठे नेसवणार होती गं?"

"पत्र पोचायचं असेल," मी म्हटलं. "आता पोचलं असेल."

त्यांनी विश्वास ठेवला. घराण्यात सगळ्यांना माझ्याबद्दल एवढं तरी माहीत आहे की मी कोणाला फसवायला जात नाही. मला कोणाकडून काही नको असतं, मग फसवू कशाला. पाऊस पडून पेरण्या झाल्या की सगळ्यांना आंब्याखाली बसवू, पोर कुणाकडे राहील ते ठरवू, असं म्हणून मामा गेले. त्यांचं गाव नदीपलीकडे, त्यांचा दमा जुना. पेरण्यांना अजून वेळ आहे.

तर तू माझी पत्रं बाजूला ठेवून तिला तुझीच काहीतरी वाचून दाखवतोस. 'नशिबात होतं ते झालं' ही ओळ मला तेव्हाच तिची वाटली नव्हती. काय वाचतोस रे? मामा सांगत होते, पोर शाळेत जाते, चौथीचं पुस्तक येतं तिला, असं डेल्फिनाला वाटतंय. चांगलं वाचतोस. मिशनच्या शाळेतल्या नन्सनी शिकवलेला तू व्यापारात वाया गेलास.

मी तुला शिव्या देणार आहे असं तुला वाटत असेल. नाही. तुला पोर नको, मला हवी. तुझ्या खोट्याचा मला उपयोग आहे, माझ्या अंतराचा तुला. आपण दोघं एकमेकांना कधी काही लागत नव्हतो, आता एवढंच लागतो, आणि तेही पेरण्यांपर्यंत.

पुढच्या वेळी तिला हे वाचून दाखव, म्हणजे तुला डोकं लढवायला नको: नोएमिया उंच झाली. आईचा कापुलाना नेसवून बघितला असता तर घोट्यापर्यंत आला असता. सकाळी माझ्या आधी उठते. सारखी पळत असते, एका जागी म्हणून बसत नाही.

'सारखी पळत असते' हे नक्की वाच. डेल्फिना हसेल. लहानपणी तीही तशीच होती.

आणि मासे पाठवायचे थांबवू नकोस, तिला संशय येईल.

आल्झिरा

एक सांगायचं राहिलं. मामा बोलत होते तेव्हा पोर तिथेच होती. तिने सगळं ऐकलं, आणि आईला पत्रं कोण वाचून दाखवतं हे तिला ठाऊक आहे. काल रात्री जेवली नाही, आज सकाळीही नाही. भूक लागली की खाईल.

*

मुरिपा, ६ ऑक्टोबर

मोमादे,

आता तुझ्या घरात हे ऐकायला कोणी नाही, म्हणून मनातल्या मनात वाच. डेल्फिना पोचलीय फाट्यापर्यंत. मिठाच्या सायकलवाल्याने काल संध्याकाळी तिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. ट्रकवरून उतरली, डोक्यावर बोचकं, पायात तुझ्या मोठ्या चपला. फाट्यावर ओळखीच्यांकडे थांबलीय, मामा येईपर्यंत. मामांनाही निरोप गेलाय. मी पाठवलेला नाही.

तुला वाटत असेल मी फुटले. मी कशाला फुटेन? माझ्याकडून काही बाहेर गेलं नाही. गेलं ते पोरीकडून.

माझ्या हातचं खायचं नाही असं तिने ठरवलं. मी ताट पुढे सरकवलं, तिने मागे सरकवलं. मी म्हटलं, "उपाशी मरशील." ती म्हणाली, "तुझं काही नको मला." शब्द माझेच होते, ओळखीचे होते. मला वाटलं, शिकली. अभिमान वाटला म्हटलं तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी शेतातून आले तर ओटा रिकामा. हातांवर सरकत सरकत ती कुंपणाबाहेर गेली होती, पायवाटेच्या कडेला, जिथून बाजाराला जाणारे लोक जातात. जेर्त्रुदिशने तिच्या डोक्यावर पाला बांधून दिला होता सावलीला. आणि ती मागत होती. मोमादे, माझ्या घरातली पोर पायवाटेवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडे मागत होती.

"मावशी, एक कंद द्या ना. गोडा द्या. मला कडू चालत नाही."

"दादा, थोडं पाणी."

"आजी, शेंगदाणे आहेत का? दोनच द्या."

देत होते लोक. थांबत होते, बसत होते, विचारत होते पायांना काय झालं. आणि दिलेलं खाऊन झालं की ती शेवटचं मागणं मागायची: "तुम्ही किनाऱ्याकडे जाताय का? कोणी जाणारं माहीत आहे का? मासे वाळवणाऱ्या बायकांमध्ये डेल्फिना कोण ते विचारा. सांगा, नोएमियाचे पाय गेलेत आणि तुला खोटं वाचून दाखवतात."

मी तिला फरपटत आत आणली. दुसऱ्या दिवशी ती परत तिथे. दाराला आडवं लाकूड घातलं तर भिंतीला तोंड लावून ओरडत मागायला लागली. वाट घराजवळूनच जाते. लोक कुंपणाशी थांबायला लागले. जेर्त्रुदिश आत आली, लाकूड उचलून अंगणात फेकलं.

"हे काय चालवलंयस, आल्झिरा? शेळी आहे का ती?"

"माझ्या घरात तुला कोणी बोलावलं?"

"हिने." तिने नोएमियाकडे हात केला. "मला हाक मारली. मला हाक मारली की मी येते. तुला ठाऊक नाही, तू कधी मारली नाहीस."

मी पोरीला म्हटलं, "लाज नाही वाटत? मी तुला काय शिकवलं?"

"पाय गेलेत माझे," ती म्हणाली. "तोंड नाही गेलं."

कापसाची गाठोडी नेणाऱ्या बायका, मातीला निघालेली माणसं, मिठाचे सायकलवाले. एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने ट्रकवाल्याला. कागद लागला नाही, वाचणारा लागला नाही. किनाऱ्यावर म्हणे ही गोष्ट तिला एकाच दिवशी तीन बायकांनी तीन वाळवणांवर सांगितली. सायकलवाला म्हणतो, तिने हातातली टोपली खाली ठेवली आणि तुझ्या चपला घालून निघाली. तुझ्याशी बोलायला घरी आली नाही. आली होती का?

तुला पुढे काय होणार ते सांगते, म्हणजे तू माझ्यासारखा दाराशी येत बसणार नाहीस. मामा शनिवारी नदी उतरून येतील. पेरण्यांची वाट बघणार नाहीत, तसं त्यांनी कळवलंय. आंब्याखाली चटया टाकायचं काम जेर्त्रुदिशने घेतलंय. बाझिलिओही येणार आहे. पोर सगळ्यांसमोर सगळं सांगेल, कुत्र्याचंसुद्धा, आणि लोक हसतील, मग गप्प होतील. डेल्फिना माझ्याशी बोलणार नाही. मला तिने शिव्या द्याव्यात असं मी दोनदा लिहिलं होतं. ती पत्रं तुझ्याकडेच पडलीत. पोर तिच्याबरोबर जाईल. किनाऱ्याला नाही, मामांच्या गावी, असं बोललं जातंय. म्हणजे बायको गेली तुझी. जेर्त्रुदिशच्या नवऱ्याने सायकलच्या कॅरियरला जुनं पोतं गुंडाळून बैठक केलीय, मी कुंपणातून पाहिलं. नोएमिया त्याला सांगत होती, अजून थोडं मऊ करा.

काल मी लांबच्या शेतात गेले होते, जिथे कोणी ऐकत नाही. तिथे उभी राहून मोठ्याने म्हणून बघितलं, "पोरगी माझ्याकडे राहू द्या." शेळ्या हाकलतात तसा आवाज आला. पुन्हा म्हटलं, आणखी वाईट आला. बोलताना मान खाली घालायची की वर ठेवायची, हात कुठे ठेवायचे, हेच मला कळेना. जेर्त्रुदिशला हे विचारता आलं असतं.

सगळ्यांचं बोलून झालं की मामा रीतीप्रमाणे माझ्याकडे वळतील आणि विचारतील, "आल्झिरा, तुझं काय म्हणणं? तुला काय हवं?"

मी म्हणेन, "काही नको."

आणि कोणीही मला दुसऱ्यांदा विचारणार नाही.

आल्झिरा